मौखिक इतिहास : साधन, संहिता आणि वचन

मौखिक इतिहासाची चर्चा सामान्यतः ‘उपेक्षितांचा आवाज’ या सूत्राभोवती होत आली आहे. लिखित दस्तऐवजांत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्या स्मृती नोंदवून ठेवणे, हे या व्यवहाराचे प्रयोजन मानले जाते. ते मोलाचे आहेच. परंतु स्मृती नोंदवली म्हणजे ती जतन झाली, हे त्यामागील गृहीतक मात्र क्वचितच तपासले जाते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेमके काय जतन होते? घडलेली घटना, त्या घटनेची आठवण, की एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस विशिष्ट परिस्थितीत केलेले कथन? विद्यापीठीय मौखिक इतिहासाच्या सुमारे पाऊण शतकाच्या वाटचालीत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा क्रम पाहता, हा प्रश्न इतिहासलेखनशास्त्राइतकाच संहितेच्या अर्थनिर्णयनाचाही आहे, हे स्पष्ट होते.

पत्रकारितेतून इतिहासाकडे आलेल्या अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचा उपक्रम सुरू केला. असे काम करणारी संस्था असावी, ही कल्पना त्यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथातच मांडली होती. दूरध्वनी आणि मोटारगाडी आल्यापासून कर्ती माणसे दीर्घ पत्रे व रोजनिशा लिहीनाशी झाली आहेत, तेव्हा भावी इतिहासकाराला लागणारी साधने आताच निर्माण केली पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे आरंभीचे निवेदक हे प्रामुख्याने राजकारण, प्रशासन व उद्योग या क्षेत्रांतील मान्यवर होते. पहिल्या मुलाखतीची टिपणे तर एका विद्यार्थ्याने हाताने घेतली. पुढे ध्वनिमुद्रण यंत्रे आली, तरी प्रमाण मानली गेली ती निवेदकाने तपासून दुरुस्त केलेली टंकलिखित प्रत. आरंभीच्या काळात बहुतेक ध्वनिफिती पुसून पुन्हा वापरल्या जात. काटकसर हे त्याचे तात्कालिक कारण होते, पण फीत पुसता येते असे वाटण्यामागे एक भाषाविषयक धारणाही होती. कथनातील माहिती हेच त्याचे सार; स्वर, अडखळणे, मौन, एकच वाक्य पुन्हा म्हणणे हा केवळ वाहक, असे ही धारणा सांगते. मौखिक साधनातील मौखिकताच येथे टाकाऊ ठरली.

हे चित्र १९७० नंतर पालटू लागले. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात पॉल थॉम्पसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वाढलेल्या सुमारे ५०० सामान्य स्त्रीपुरुषांच्या मुलाखतींवर आधारित सामाजिक इतिहास उभा केला. घर, कामाची जागा, बालपण हे विषय त्यामुळे इतिहासाच्या कक्षेत आले. निवेदकांचा वर्ग बदलला. तथापि कथनाकडे माहितीचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी बऱ्याच अंशी टिकून राहिली. त्या दृष्टीला निर्णायक छेद दिला तो इटलीतील अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी. रोम विद्यापीठात ते अमेरिकन साहित्याचे अध्यापक होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराच्या विरोधातील निदर्शनाच्या वेळी लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. पुढे पोर्तेल्लींनी तेथील कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मध्ये, दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कपातीविरुद्ध झालेल्या संघर्षात घडल्याचे सांगितले. साधनचिकित्सेच्या रूढ निकषांवर अशी साक्ष बाद व्हावी. पोर्तेल्लींनी मात्र चुकीलाच अर्थपूर्ण मानून तिचे वाचन केले. सहकाऱ्याच्या मृत्यूला आपण प्रत्युत्तर देऊ शकलो नाही, हा सल त्या समाजाच्या मनात होता. दूरच्या एका लष्करी कराराच्या निषेधात आलेल्या मरणापेक्षा भाकरीच्या लढ्यात आलेले मरण त्याच्या अनुभवविश्वात अधिक सुसंगत बसत होते. म्हणून स्मृतीने कालक्रम मोडला आणि अर्थाचा क्रम राखला. तारीख कळते ती दप्तरातून. पण त्या तारखेचे ओझे त्या समाजाने कसे वाहिले, हे या ‘चुकी’वाचून कळले नसते.

पोर्तेल्लींच्या या वाचनाने मौखिक साधनाला संहितेचा दर्जा मिळाला. मात्र संहिता म्हटले की ती कोणी, कोणासाठी व कोणत्या संकेतांत घडवली, हा प्रश्न टाळता येत नाही. मुलाखत ही दोघांनी मिळून रचलेली संहिता असते. प्रश्न विचारणाऱ्याचा वर्ग, त्याची ओळख आणि त्याने दिलेला शब्द हे सारे तिच्या घडणीत उतरते. यातील दिलेल्या शब्दाचे मोल किती, हे बॉस्टन कॉलेजच्या अनुभवाने दाखवून दिले.

उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्या, रिपब्लिकन आणि लॉयलिस्ट अशा दोन्ही बाजूंच्या व्यक्तींच्या मुलाखती २००१ ते २००६ या काळात या संस्थेच्या ‘बेलफास्ट प्रकल्पा’त घेण्यात आल्या. रिपब्लिकन बाजूच्या मुलाखती घेणारा संशोधक स्वतः त्या चळवळीतला माजी कैदी होता. परक्याकडे कोणी तोंड उघडले नसते. निवेदक हयात असेपर्यंत त्याचे कथन उघड होणार नाही, अशी हमी होती. प्रकल्प संचालकाशी झालेल्या करारात गोपनीयतेला अमेरिकी कायद्याची मर्यादा घातलेली होती. निवेदकांच्या हाती दिलेल्या संमतिपत्रात मात्र ती मर्यादा नमूद नव्हती. दोन दिवंगत निवेदकांच्या कथनांवर आधारलेले पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या विधवा मातेचे अपहरण करून तिची हत्या करण्यात आली होती. त्या प्रकरणाच्या तपासासाठी ब्रिटनने अमेरिकेशी असलेल्या कायदेशीर साहाय्याच्या कराराचा आधार घेतला. २०११ मध्ये विद्यापीठावर समन्स बजावले गेले आणि न्यायालयीन झगड्यानंतर काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्या. २०१४ मध्ये विद्यापीठाने उरलेल्या मुलाखती मागणाऱ्या निवेदकांना परत करण्याची तयारी दाखवली. ज्या संग्रहाने जतन करायचे, त्याच्यापुढे विसर्जनाखेरीज मार्ग उरला नाही.

या प्रकरणात एकच एक बाजू न्याय्य नाही. मॅकॉनव्हिल यांच्या मुलांना सत्य मागण्याचा जो अधिकार होता, तो संशोधनाच्या गोपनीयतेपेक्षा हलका मानता येणार नाही. परंतु पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. याच हत्येसंबंधी एका वृद्ध माजी कार्यकर्त्याविरुद्ध चाललेल्या प्रकरणात, २०१९ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने या ध्वनिफिती पुरावा म्हणून नाकारल्या. मुक्तपणे बोलण्याची हमी खरे बोलण्याला जेवढी मोकळीक देते, तेवढीच खोटे बोलण्यालाही देते, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणजे ज्या विश्वासामुळे कथन शक्य झाले, त्याच विश्वासामुळे ते पुरावा म्हणून निरुपयोगी ठरले. संदर्भातून उचललेली संहिता न्यायासाठीही अपुरी पडली आणि इतिहासासाठी तर तिचा स्रोतच आटला, कारण असा प्रसंग ओढवल्यावर पुन्हा कोणी बोलायला धजणार नाही.

हा प्रश्न मराठी वाङ्मयपरंपरेला अपरिचित नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या त्या प्रत्यक्षदर्शींना गाठून, विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. मूळ पोथी नष्ट झाल्यावर ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली आणि त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. महानुभावांनी या पाठभेदांना ‘वासना’ अशी संज्ञा दिली. भेद मिटवून एकच निर्दोष पाठ रचण्याऐवजी कोणाच्या स्मरणात काय होते, याची नोंद त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. हा व्यवहार श्रद्धेचा होता, आधुनिक संशोधनाचा नव्हे. तरीही स्मरणकर्त्याला त्याच्या स्मरणापासून तोडायचे नाही, ही त्यातली शिस्त आजच्या संग्रहपालालाही उपयोगी पडणारी आहे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. विचारणाऱ्या आणि सांगणाऱ्या एकाच चळवळीच्या वारसदार असल्याने ते कथन घडू शकले. असे काम विद्यापीठे हाती घेतात तेव्हा ध्वनिमुद्रणाची साधने आणि साठवणुकीची सोय ती देऊ शकतात. तो विश्वास मात्र त्यांना उसना घ्यावा लागतो. म्हणून आपण काय पाळू शकतो आणि काय पाळू शकत नाही, हे निवेदकाला त्याच्या भाषेत आधी सांगणे, मुलाखत कोणी व कोणत्या अटींवर घेतली याची नोंद कथनासोबत ठेवणे आणि मूळ आवाज पुसू न देणे, या बाबी केवळ कार्यालयीन औपचारिकता ठरत नाहीत. त्या संहितेचाच भाग आहेत. त्या गाळल्या तर समाजाची स्मृती म्हणून जे कपाटात उरते, त्याचे वाचन कोणत्या आधारावर करावे, हे उद्याच्या अभ्यासकाला ठरवता येणार नाही.