अनुभवी प्रोग्रामरचा शोध : ऑनलाइन मार्ग आणि आवश्यक दक्षता

झाशी येथे बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ पासून कार्यरत आहे, तर बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९८६ मध्ये झाली. त्यामुळे शहरात नवपदवीधर उपलब्ध असतात. मात्र अनुभव गाठीशी असलेले प्रोग्रामर बहुधा नोएडा, पुणे वा बंगळुरूकडे वळतात. येथील एखाद्या रुग्णालयास किंवा व्यापारी पेढीस असा जाणकार हवा असल्यास ऑनलाइन शोधाचाच आधार घ्यावा लागतो.

नोकरीविषयक संकेतस्थळे : १९९७ मध्ये सुरू झालेले नौकरी डॉट कॉम आणि २००३ मध्ये सुरू झालेले लिंक्डइन यांवर अनुभव, कौशल्य व शहर यांनुसार उमेदवार शोधता येतात. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल २०१५ पासून निःशुल्क उपलब्ध आहे.

कामाचा प्रत्यक्ष पुरावा : गिटहबवर प्रोग्रामरने लिहिलेला कोड, त्यातील सातत्य आणि इतरांच्या सूचनांना दिलेला प्रतिसाद पाहता येतो. तथापि, कंपन्यांतील गोपनीय काम तेथे दिसत नाही; म्हणून रिकामे खाते हा अननुभवाचा पुरावा मानू नये. स्टॅक ओव्हरफ्लोवरील उत्तरांतून विषयाची जाण कळते; परंतु त्याचा नोकरभरती विभाग २०२२ मध्ये बंद झाला. कोडचेफसारख्या स्पर्धांतून बुद्धीची चपळता दिसते, जुनी प्रणाली सांभाळण्याचा अनुभव नव्हे.

मुदतीचे काम : अपवर्कसारख्या मंचांवर ठरावीक कामापुरते स्वतंत्र व्यावसायिक मिळतात. मोठे काम सोपविण्यापूर्वी एखादे लहान काम मोबदला देऊन करून घ्यावे आणि पूर्वीच्या ग्राहकांकडे चौकशी करावी.

लेखी करार : प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार, वेगळा करार नसल्यास, पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा प्रथम मालक नियोक्ता असतो. स्वतंत्र व्यावसायिकाच्या बाबतीत मात्र सर्वसाधारणपणे हक्काचे लेखी हस्तांतरण आवश्यक ठरते. हस्तांतरणपत्रात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे, तर क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. हा तपशील राहून गेल्यास पूर्ण मोबदला देऊनही सॉफ्टवेअरवरील हक्क अपुराच राहतो. सर्व्हर, डोमेन व कोडचे खाते प्रारंभापासूनच संस्थेच्या नावे असावे. अन्यथा प्रोग्रामर काम सोडून गेल्यावर संस्थेचा दैनंदिन व्यवहारच अडू शकतो.