कंबरलँड न्यूजपेपर्स

कंबरलँड न्यूजपेपर्स हा ऑस्ट्रेलियातील सिडनी महानगराच्या उपनगरांसाठी स्थानिक वृत्तपत्रे काढणारा समूह होता. त्याचे मूळ केंद्र सिडनीच्या पश्चिमेकडील पॅरामॅटा हे होय. १९६० साली रूपर्ट मर्डॉक यांनी हा समूह विकत घेतला आणि त्या व्यवहारानेच सिडनीच्या वृत्तपत्रव्यवसायात त्यांचे पाऊल पडले. पुढे तो कंबरलँड-कुरिअर व नंतर न्यूजलोकल या नावांनी ओळखला गेला. २०२० मध्ये त्याच्या बहुतेक पत्रांची छपाई कायमची थांबली.

नाव आणि पार्श्वभूमी

१७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत स्थापन झाल्यावर सिडनीभोवतालच्या प्रदेशाला कंबरलँड परगणा हे नाव देण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरामॅटाहून निघणाऱ्या एका पत्राचे नाव होते ‘द कंबरलँड आर्गस अँड फ्रूटग्रोअर्स ॲडव्होकेट’. फळबागाईतदारांचा कैवार नावातच मिरवणाऱ्या या पत्रावरून त्या काळच्या परिसराची कल्पना येते. आज दाट वस्ती असलेल्या या भागात तेव्हा संत्र्यालिंबांच्या बागा होत्या. या पत्राचे १८८८ पासूनचे अंक ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात वाचता येतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर बागा गेल्या आणि घरे आली. युरोपातून आलेले स्थलांतरित, शासकीय गृहनिर्माण आणि खासगी मोटारींचा प्रसार यांमुळे शहर पश्चिमेकडे पसरत गेले. पाठोपाठ दुकानेही गेली. सिडनीतील पहिले उपनगरी व्यापारसंकुल १९५७ मध्ये टॉप राइड येथे उघडले. अशा दुकानदाराला साऱ्या शहरात खपणाऱ्या दैनिकातील महागडी जाहिरात परवडणारी नव्हती आणि तिचा उपयोगही थोडाच होता. त्याला आसपासच्या काही हजार घरांपर्यंतच पोहोचायचे होते. उपनगरी वृत्तपत्राचा पाया हाच आहे. (ऑस्ट्रेलियात ‘उपनगर’ म्हणजे शहराबाहेरचा भागच असे नाही, शहराच्या मध्याजवळच्या वस्त्यांनाही हीच संज्ञा लावतात.)

मर्डॉक यांचा प्रवेश

१९५२ मध्ये वडील कीथ मर्डॉक यांच्या निधनानंतर रूपर्ट यांच्या हाती ॲडलेडचे ‘द न्यूज’ आले होते. सिडनीत मात्र फेअरफॅक्स आणि पॅकर या दोन घराण्यांचे वर्चस्व होते. १९६० च्या प्रारंभी, वयाची तिशीही न गाठलेल्या मर्डॉक यांनी अर्ल व्हाइट यांच्याकडून कंबरलँड समूह सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन पौंडांना घेतला. प्रस्थापितांच्या अंगणात मागल्या दाराने शिरण्याचाच हा प्रकार होता. त्याला शह देण्यासाठी एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या फेअरफॅक्स व पॅकर यांनी ‘सबर्बन पब्लिकेशन्स’ ही संयुक्त कंपनी काढली. तरीही त्याच वर्षी फेअरफॅक्सने ‘डेली मिरर’ हे सायंदैनिक मर्डॉक यांनाच विकले. या पत्राच्या ओझ्याखाली हा तरुण आपोआप बुडेल असा त्यामागे होरा होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

नव्या कंपनीला छपाईसाठी यंत्रे हवी होती. चिपेनडेल भागातील ‘अँग्लिकन प्रेस’ हा छापखाना तेव्हा आर्थिक अडचणीत होता. जून १९६० मध्ये सर फ्रँक पॅकर यांचे पुत्र क्लाइड व केरी यांनी माणसांसह त्यात घुसून ताबा घेतला. छापखान्याचे चालक फ्रान्सिस जेम्स मर्डॉक यांच्या गोटाची मदत घेऊन आले आणि रात्री दोन्ही बाजूंत हातघाई झाली. पॅकरबंधूंना माघार घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी ‘मिरर’ने छायाचित्रासह ही बातमी ठळकपणे छापली. या प्रसंगाकडे बहुधा गमतीदार किस्सा म्हणून पाहिले जाते. पण फुकट वाटल्या जाणाऱ्या पत्रांच्या जाहिरातींसाठी धनाढ्य घराण्यांनी हाणामारीवर यावे, यातच त्या उत्पन्नाचे मोल दिसते.

स्वरूप आणि अर्थकारण

समूहाची बहुतेक पत्रे विनामूल्य घरपोच वाटली जात. विकत घेणाऱ्यांच्या संख्येऐवजी किती दारांत अंक पडतो यावर जाहिरातीचा दर ठरे. त्यांतील मजकूर म्हणजे नगरपरिषदेचे निर्णय, बांधकामाचे अर्ज, शाळांचे कार्यक्रम, शनिवारचे क्रिकेट. मोठ्या दैनिकांत या विषयांना क्वचितच जागा मिळे. १९०६ मध्ये स्थापन झालेले ‘मॅनली डेली’ हेही पुढे याच समूहात आले. २००७ मध्ये हॅनन कुटुंबाच्या फेडरल पब्लिशिंग कंपनीकडून ‘वेंटवर्थ कुरिअर’ आदी पत्रे घेण्यात आली. शहराच्या श्रीमंत पूर्व भागात वाटल्या जाणाऱ्या या साप्ताहिकाची जाडी घरविक्रीच्या जाहिरातींमुळे असे.

घरविक्रीच्या जाहिराती इंटरनेटवर गेल्यावर हा आधार खचला. त्या जिथे गेल्या, त्या प्रमुख संकेतस्थळाची चालक आरईए ग्रुप ही कंपनी असून तिचे बहुसंख्य समभाग मर्डॉक यांच्याच न्यूज कॉर्पकडे आहेत.

छापील आवृत्त्यांची अखेर

कोविड साथीत जाहिराती आटल्यावर न्यूज कॉर्पने एप्रिल २०२० मध्ये चार राज्यांतील ६० स्थानिक पत्रांची छपाई स्थगित केली. २८ मे रोजी देशभरातील ११२ स्थानिक व प्रादेशिक पत्रांची छपाई कायमची बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यांपैकी ३६ पूर्णपणे बंद झाली व ७६ केवळ डिजिटल स्वरूपात उरली. ‘पॅरामॅटा ॲडव्हर्टायझर’, ‘ब्लॅकटाउन ॲडव्होकेट’ आणि ‘मॅनली डेली’ यांचे छापील अंक थांबले. सिडनीतील ‘वेंटवर्थ कुरिअर’, ‘मॉस्मन डेली’ आणि ‘नॉर्थ शोर टाइम्स’ या तीन पत्रांची छपाई मात्र पुन्हा सुरू झाली. तिन्ही शहरातील सर्वांत महागड्या घरांच्या भागांत वाटली जाणारी पत्रे आहेत. समूहाचे मूळ ज्या पश्चिम सिडनीत होते, तेथील रहिवाशांना एकेकाळी दारात फुकट पडणाऱ्या स्थानिक बातम्यांसाठी आता ‘डेली टेलिग्राफ’ची डिजिटल वर्गणी भरावी लागते.