मोटार विम्याचे दर

मोटार विम्याचे दर : मोटार वाहनाच्या विम्यासाठी विमेदाराकडून घ्यावयाच्या हप्त्याचे प्रमाण. सारख्याच किंमतीच्या मोटारी बाळगणाऱ्या दोन व्यक्तींना निरनिराळा हप्ता का द्यावा लागतो, हा प्रश्न या विम्याइतकाच जुना आहे. पाश्चात्त्य देशांत हा दर मुख्यतः चालक पाहून ठरत गेला. भारतात तो दीर्घकाळ वाहन पाहून ठरला. यवतमाळच्या सावध चालकास आपल्या सावधपणाचा मोबदला हप्त्यात फारच थोडा मिळाला, याचे कारण या फरकात सापडते.

विम्याचा दर संभाव्य हानीच्या सरासरीवर आधारलेला असतो. सर्वांना एकच दर लावला, तर कमी जोखमीच्या विमेदारांना तो महाग वाटतो व ते विमा सोडून जातात; मागे उरलेल्यांची सरासरी हानी वाढते आणि दर पुन्हा वाढवावा लागतो. हे टाळण्यासाठी विमा कंपन्या विमेदारांचे गट पाडतात. मात्र विमा कायद्यानेच सक्तीचा केलेला असेल आणि दरही शासकीय यंत्रणेने ठरविलेला असेल, तर कमी जोखमीच्या विमेदारास बाहेर पडण्याची वाट राहत नाही व एकच दर टिकून राहू शकतो. भारतीय मोटार विम्याचे दोन भाग, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या हानीचा ऐच्छिक विमा आणि त्रयस्थ व्यक्तींच्या हानीचा सक्तीचा विमा, हे भिन्न वाटांनी का गेले, हे यावरून कळते.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात १९२७ पासून व ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने त्रयस्थ विमा सक्तीचा झाला. दर ठरविण्याची मोकळीक जेथे होती, तेथील कंपन्यांनी चालकाचे वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, पूर्वीचे अपघात यांनुसार दर लावले. वाहन कोण चालविणार, त्यांची नावे विमापत्रात लिहिली जाऊ लागली. यातून न्यायाचे प्रश्न उद्‌भवले. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी संमत केलेल्या प्रस्तावाने चालकाची वाहन चालविण्याची नोंद, वर्षभरातील प्रवासाचे अंतर व अनुभवाची वर्षे यांना दरनिश्चितीत अग्रस्थान दिले. निवासाच्या ठिकाणाचे महत्त्व त्यामानाने घटविले. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २०११ साली दिलेल्या निर्णयामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून स्त्री-पुरुष भेदावर दर ठरविणे तेथे बंद झाले.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील त्रयस्थ विम्याच्या सक्तीची तरतूद १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. दर सामाईक दरपत्रकाने बांधले जात. १९६८ च्या दुरुस्तीनंतर हे काम कायद्याने स्थापिलेल्या दर सल्लागार समितीकडे आले. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमाकारांच्या चार कंपन्या झाल्या. चारही कंपन्यांचे दर एकच असल्याने चालकांत भेद करून ग्राहक मिळविण्याचे कारण कोणालाच उरले नाही. शिवाय वैध अनुज्ञप्ती असलेल्या कोणाही व्यक्तीने मालकाच्या संमतीने वाहन चालविले, तरी विमापत्राचे संरक्षण लागू होई. चालक कोण हेच ठरलेले नसल्यामुळे दर त्याला लावणे शक्यही नव्हते.

या पद्धतीचे पूर्ण विकसित रूप १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात दिसते. खासगी मोटारीच्या हानीविम्याचा दर वाहनाचे घोषित मूल्य, एंजिनाची घनक्षमता, वाहनाचे वय आणि परिमंडल या चार गोष्टींवर ठरे. ‘अ’ परिमंडलात अहमदाबाद, कोलकाता, चेन्नई, नवी दिल्ली, पुणे, बंगळूर, मुंबई व हैदराबाद ही आठ शहरे होती. उरलेला सर्व देश ‘ब’ परिमंडलात होता. त्यामुळे यवतमाळ आणि नागपूर एकाच पंक्तीत बसले. पाच वर्षांपर्यंतच्या व १,००० घ. सेंमी. पर्यंतच्या मोटारीस ‘अ’ मध्ये ३.१२७ टक्के, तर ‘ब’ मध्ये ३.०३९ टक्के दर होता. चार लाख रुपये घोषित मूल्याच्या मोटारीस मुंबईत १२,५०८ रु. आणि यवतमाळात १२,१५६ रु. मूळ हप्ता पडे. मुंबईतील वाहतुकीची दाटी आणि दुरुस्तीचा खर्च ध्यानात घेता ३५२ रुपयांचा हा फरक नाममात्रच म्हटला पाहिजे.

परिमंडल ठरविताना वाहन कोठे धावते हे पाहिले जात नसे, तर त्याची नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली हे पाहिले जाई. यवतमाळच्या कार्यालयात नोंदलेली, ‘एमएच २९’ क्रमांकाची गाडी पुण्यात वर्षानुवर्षे वापरली, तरी ती ‘ब’ मध्येच राही. उलट पुण्याची जुनी गाडी विकत घेऊन दारव्हा किंवा पुसद येथे आणणाऱ्यास पुण्याचा दर पडे, कारण राज्यातल्या राज्यात मालकी बदलली तरी नोंदणी क्रमांक तोच राहतो.

या दरपत्रकात चालकाचा प्रवेश एकाच दाराने होई. वर्षभरात दावा न केल्यास पुढील वर्षी हानीविम्याच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळे; ती क्रमाने २५, ३५, ४५ आणि पाच दावारहित वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत चढे. एक दावा केला की ती शून्यावर येई, आणि विमापत्र संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यासही जाई. ही सूट (नो क्लेम बोनस) वाहनाबरोबर विकली जात नाही. ती विमेदाराची असते व त्याच्या नव्या वाहनास लागू होते. तथापि विमेदार म्हणजे मालक, चालक नव्हे. पगारी चालकाने वीस वर्षे निष्कलंक गाडी चालविली, तरी सूट मालकाच्या खात्यात जमा होते; नोकरी बदलताना त्याच्या हाती काही येत नाही. शिवाय किरकोळ दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसून दावा टाळणारे मालक पुष्कळ असल्याने, ही सूट चालविण्याच्या कौशल्याइतकीच मालकाच्या हिशेबीपणाची निदर्शक ठरते.

यवतमाळच्या शेतकऱ्याला अधिक परिचित असलेल्या कापसाच्या पीकविम्याचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर झालेला पहिला प्रयोग प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजणारा होता. तो तोट्यात गेला. वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली क्षेत्राधारित पद्धतीचा पुरस्कार केला आणि १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेपासून क्षेत्राची सरासरी हाच भरपाईचा मुख्य आधार झाला. निगराणी उत्तम ठेवणाऱ्या कास्तकारास तेथेही वेगळा दर नाही.

त्रयस्थ विम्याचा इतिहास अधिक खडतर आहे. १९८८ च्या नव्या अधिनियमाने (१ जुलै १९८९ पासून लागू) मृत्यू व शारीरिक इजा यांबद्दलच्या विमाकाराच्या दायित्वावर मर्यादा ठेवली नाही. न्यायाधिकरणांनी दिलेल्या भरपाईच्या रकमा वाढत गेल्या. मालमोटारींचे दर मात्र वाहतूकदारांच्या विरोधामुळे त्या मानाने वाढविता आले नाहीत. ही तूट खासगी मोटारींच्या हानीविम्यातील हप्त्यांतून भरून निघे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याहून जाणाऱ्या, वणी भागातील कोळसा वाहणाऱ्या मालमोटारींच्या जोखमीचा काही भार अशा रीतीने गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या मालकावर पडत होता. दुसरीही एक बाब नोंदण्याजोगी आहे. भरपाई मृताच्या उत्पन्नावर व वयावर मोजली जाते. २००९ मधील सरला वर्मा खटल्यातील निर्णयाने या गणिताला निश्चित गुणक दिले. म्हणून तोच अपघात, बळी शेतमजूर असल्यास विमाकारास स्वस्त आणि अधिकारी असल्यास महाग पडतो. दर जिल्हावार ठरविले असते, तर गरीब जिल्ह्यांतील हप्ता कमी होण्यामागे बळींची गरिबी हेही एक कारण असते. एकच देशव्यापी दर निदान या प्रकारापासून मुक्त आहे.

१ जानेवारी २००७ पासून हानीविम्याचे दर बंधमुक्त झाले आणि कंपन्या गाडीचे प्रतिमान, मालकाचे वय व व्यवसाय, मागील दावे यांनुसार वेगवेगळा हप्ता मागू लागल्या. त्रयस्थ विम्याचे दर मात्र नियंत्रितच ठेवण्यात आले. व्यापारी वाहने नाकारण्याची कंपन्यांची प्रवृत्ती पाहून १ एप्रिल २००७ पासून त्यांची त्रयस्थ जोखीम एका सामाईक निधीत घालण्यात आली. सर्व कंपन्यांना तीत वाटेकरी व्हावे लागले. मोठा तोटा सोसून हा निधी २०१२ मध्ये बंद झाला. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खासगी मोटारीस १,००० घ. सेंमी. पर्यंत २,०९४ रु., १,५०० पर्यंत ३,४१६ रु. व त्यापुढे ७,८९७ रु. असा वार्षिक हप्ता होता. मुंबई व यवतमाळ, नवशिका व मुरब्बी असा भेद त्यात नव्हता.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने प्रत्यक्ष धाव आणि वाहन चालविण्याची रीत यांवर हप्ता ठरविणारी जोडसंरक्षणे देण्यास अनुमती दिली. गाडीत बसविलेले उपकरण किंवा मोबाइल संच वेग, अचानक दाबलेला ब्रेक, रात्रीचा प्रवास इत्यादींची नोंद घेऊ शकतो. महिन्यातून एकदोनदाच तालुक्याच्या गावी जाणाऱ्या मालकास यातील पहिला प्रकार लाभाचा आहे. ही सवलत हानीविम्यापुरतीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांसाठी घ्यावा लागतो व त्याची रक्कम खरेदीच्या वेळीच, म्हणजे चालकाची कोणतीही नोंद होण्यापूर्वी, भरलेली असते.