तोत्तोचान

तोत्तोचान : जपानी अभिनेत्री व दूरचित्रवाणी निवेदिका तेत्सुको कुरोयानागी (जन्म १९३३) यांचे बालपणाच्या आठवणींचे पुस्तक. ‘तोत्तोचान’ हे त्यांचे लहानपणीचे लाडके नाव. तोक्योच्या जियुगाओका भागातील ‘तोमोए’ ही प्रयोगशील शाळा आणि तिचे मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी (१८९३–१९६३) हा पुस्तकाचा विषय. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला. आधुनिक जपानी गद्यातील ज्या थोड्या पुस्तकांनी मराठी घरांत व शिक्षकांच्या टेबलावर जागा मिळवली, त्यांत याचा क्रम फार वर लागतो.

कुरोयानागी १९५३ पासून जपानी दूरचित्रवाणीवर काम करत आल्या. ‘तेत्सुकोची खोली’ हा त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. आठवणी आधी एका मासिकातून क्रमशः आल्या आणि १९८१ मध्ये कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने त्यांचे पुस्तक काढले. चिहिरो इवासाकी (१९१८–१९७४) यांची जलरंगातील मुलांची चित्रे पुस्तकात आहेत. चित्रकर्ती पुस्तक निघण्यापूर्वीच वारली होती, तरी चित्रे याच मजकुरासाठी काढली असावीत असे वाटत राहते. डोरोथी ब्रिटन यांचा इंग्रजी अनुवाद १९८२ चा. जगभरात पुस्तकाच्या अडीच कोटींहून अधिक प्रती निघाल्या आहेत.

कथानक म्हणावे असे काही नाही. लहान लहान प्रकरणे आहेत. डेस्कचे झाकण सारखे उघडझाप करणारी, खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारणारी ही मुलगी पहिलीतच शाळेतून काढली जाते. आईने ही गोष्ट तिला विशीनंतर सांगितली. तोमोएमध्ये वर्ग भरतात ते रेल्वेच्या जुन्या, वापरातून काढलेल्या डब्यांत. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्या पोराला ही शाळा समजावून सांगावी लागत नाही. सकाळी दिवसभराचा अभ्यास फळ्यावर लिहिलेला असतो आणि ज्याने त्याने आपल्या आवडीच्या विषयापासून सुरुवात करायची असते. कोबायाशी यांनी युरोपात जाऊन एमिल जाक-दालक्रोझ यांची लयबद्ध हालचालींतून संगीत शिकवण्याची पद्धत आत्मसात केली होती. तीही रोजच्या शिकवण्यात आहे.

पण पुस्तकाचे बळ पद्धतीत नाही, मुख्याध्यापकांच्या वागण्यात आहे. प्रवेशाच्या दिवशी ते आईला घरी पाठवतात, खुर्ची ओढून मुलीसमोर बसतात आणि तिला मनातले सगळे सांगायला सांगतात. ती चार तास बोलते. ते ना जांभई देतात, ना घड्याळाकडे बघतात. पुढे एकदा तिची आवडती पैशांची पिशवी संडासात पडते. ती लांब दांड्याचे भांडे आणून मैला उपसत बसते, शेजारी ढीग साचतो. कोबायाशी तिथून जातात, काय चालले आहे ते विचारतात आणि काम झाल्यावर सगळे परत आत टाक, एवढेच सांगून पुढे जातात. पिशवी सापडत नाही. तरी सांगितल्याप्रमाणे ती सारा ढीग परत आत टाकते. मुलावर विश्वास टाकणे म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा प्रसंग शिक्षणविषयक लेखनात क्वचितच सापडेल.

मराठीत हे पुस्तक बहुधा गोड पुस्तक म्हणून वाचले जाते. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांचे कार्य यांच्या शेजारी शिक्षक ते ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र या वाचनात एक बाजू सुटते : हे युद्धकाळाचे पुस्तक आहे. जेवणाचा डबा रिकामा होत जातो, शाळेचा लाडका शिपाई सैन्यात जातो, पोलिओ झालेला मित्र यासुआकी मरतो आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात तोमोए जळून जाते. १९३७ ते १९४५ एवढेच तिचे आयुष्य. हुकमाबरहुकूम चालणारी मुले घडवण्याचा आग्रह देशभर असताना एक माणूस पन्नासेक मुलांचे ऐकत बसला होता, हे ध्यानात घेतले की डब्यातल्या शाळेचे कौतुक मागे पडते आणि कोबायाशींचे धैर्य दिसू लागते.

खानदेशातील वाचकाला या मुख्याध्यापकाची ओळख जुनी वाटते, ती अमळनेरमुळे. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ मध्ये तिथल्या शाळेत (पुढचे प्रताप हायस्कूल) शिक्षक झाले आणि छात्रालय सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्याची सेवा करणे आणि ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक रोज लिहून काढणे, हे त्यांचे शिकवणेच होते. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. कोबायाशी आणि साने गुरुजी यांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नव्हते. तरी दोघांना ओळीने वाचणाऱ्या शिक्षकाला एकाचे रूप दुसऱ्यात दिसते.

पुस्तकाचा खानदेशातील वर्गाशी संबंध याहून जवळचा आहे. रावेर-यावलकडे घरात लेवा गणबोली असते, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी, साक्रीच्या पश्चिमेस भिल्ली व कोकणी बोली. पहिलीत आलेल्या मुलाला चार तास सोडा, चार मिनिटे मनासारखे बोलू द्यायचे तर ते याच बोलीत बोलणार. प्रमाण मराठीत बोल, असे म्हणत त्याला अडवले की ते गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला आपण मंदपणा म्हणतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असेही सांगितले. तोत्तोचानला काढणारी शाळा आज भारतात बेकायदा ठरेल. तिचे न ऐकणारी शाळा मात्र ठरणार नाही.

जपानविषयीच्या इतर मराठी वाचनात प्रभाकर पाध्ये यांचे ‘तोकोनोमा’ व पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ ही प्रवासवर्णने येतात. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. कथा-कादंबरीची वाट अरुंद राहिली. कावाबाता (नोबेल १९६८), ओए (नोबेल १९९४) किंवा मुराकामी यांच्यापर्यंत जळगाव-धुळ्याचा वाचक बहुधा इंग्रजीतूनच पोचतो. मुलांना जपान भेटतो तो दूरचित्रवाणीवर हिंदी बोलणाऱ्या डोरेमॉनमधून. पुस्तकांच्या दुकानांत सर्रास दिसणारे ‘इकिगाई’ जपानी समजून घेतले जाते. ते ओकिनावातील दीर्घायुषी गावाविषयी असले तरी त्याचे लेखक हेक्टर गार्सिया व फ्रान्सेस्क मिरालेस हे स्पॅनिश आहेत. जपानी आयुष्य आतून दाखवणारे पुस्तक हवे असेल तर ‘तोत्तोचान’च हाती द्यावे.

२०२३ मध्ये कुरोयानागी यांनी बेचाळीस वर्षांनी पुस्तकाचा पुढचा भाग लिहिला आणि त्याच वर्षी शिन्नोसुके याकुवा यांचा अॅनिमेशनपट आला. २०२४ च्या आनसी अॅनिमेशन महोत्सवात त्याला पॉल ग्रिमो पुरस्कार मिळाला. चित्रपटात युद्धाची सावली पुस्तकापेक्षा गडद आहे. पुस्तक आधी वाचलेल्यांनी तो जरूर पाहावा.