व्हिटली स्टोक्स : आयरिश पोथ्यांचा सिमल्यातील संशोधक

माझे आजोबा इंदुरास वकिली करीत. त्यांच्या कपाटात ‘अँग्लो-इंडियन कोड्स’ या नावाचे दोन जाडजूड खंड असत आणि त्यांवर व्हिटली स्टोक्स हे संपादकाचे नाव छापलेले होते. कायद्याच्या पुस्तकाकडे मुले ढुंकूनही पाहत नाहीत. त्यामुळे ते नाव मी साफ विसरून गेलो. पुढे पुष्कळ वर्षांनी भाषाशास्त्रावरील एक ग्रंथ चाळीत असता प्राचीन आयरिश वाङ्मयाच्या संपादकांत तेच नाव पुन्हा भेटले. प्रथम वाटले, हे दोघे निरनिराळे गृहस्थ असावेत. परंतु ते एकच होते. हिंदुस्थानचे कायदे सकाळी लिहावयाचे आणि आयर्लंडच्या पोथ्या रात्री वाचावयाच्या, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही, अशा रीतीने वीस वर्षे काढणाऱ्या या विद्वानाचा परिचय आपल्या वाचकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्टोक्स यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८३० रोजी डब्लिन येथे झाला. वडील विल्यम स्टोक्स हे नामांकित वैद्य. मरणोन्मुख रोग्याच्या श्वासाची एक विशिष्ट लय डॉक्टर लोक आजही त्यांच्या नावाने ओळखतात. त्यांच्या घरी जॉर्ज पेट्री, जॉन ओ’डोनोव्हन, युजीन ओ’करी अशा पुराणवस्तुज्ञांची व पोथीपंडितांची ये-जा असे. धाकटी बहीण मार्गारेट हीदेखील पुढे आयरिश शिल्पावशेषांची अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आली. ओ’डोनोव्हन व ओ’करी हे शेतकऱ्यांची मुले. आयरिश ही त्यांच्या घरची बोली. स्टोक्स घराणे मात्र इंग्रजी बोलणारे, प्रॉटेस्टंट पंथाचे. म्हणजे जी भाषा व्हिटलीने आयुष्यभर उपासिली ती त्याला आईच्या तोंडून मिळालेली नव्हती; वडिलांच्या पाहुण्यांच्या तोंडून त्याने ती प्रथम ऐकली असावी. आणि हे संस्कार होत होते ते कोणत्या काळी? १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी मेली. तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. हा घाला सर्वांत जास्त पडला तो पश्चिमेकडील गरीब मुलखावर, आणि आयरिश भाषा मुख्यतः तेथेच नांदत होती. पोथ्या राहिल्या, पण त्यांतील शब्द ओळखीचे वाटणारी माणसे झपाट्याने कमी होत चालली.

ट्रिनिटी कॉलेजातून १८५१ मध्ये पदवी घेतल्यावर स्टोक्स लंडनला कायदा शिकले व १८५५ मध्ये बॅरिस्टर झाले. पण त्यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते दुसऱ्याच दोन जर्मन माणसांनी. पहिले रुडॉल्फ सीगफ्रीड. हे ट्रिनिटीत संस्कृत शिकवीत आणि स्टोक्स यांस तुलनात्मक भाषाशास्त्राची गोडी त्यांनी लावली. दुसरे योहान कास्पार झॉइस. झॉइस हे बव्हेरियातील शिक्षक (आम्हा शाळामास्तरांना ही गोष्ट नमूद करताना थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी). आठव्या-नवव्या शतकांत आयरिश संन्याशांनी लॅटिन ग्रंथांच्या समासांत व ओळींच्या मध्ये आपल्या भाषेत बारीक टिपणे लिहिली होती. ते ग्रंथ व्युर्त्सबुर्ग, मिलान, सेंट गॅलन येथील संग्रहांत पडून होते. त्या टिपणांवरून झॉइस यांनी प्राचीन आयरिशचे व्याकरण रचले आणि १८५३ मध्ये ‘ग्रामाटिका केल्टिका’ प्रसिद्ध केले.

या व्याकरणाने संस्कृत जाणणाऱ्यास केवढे दालन उघडले, याची कल्पना दोन-चार उदाहरणांनी येईल. आपला ‘राजन्’ तेथे ‘री’ आहे, ‘वीर’ हा ‘फेर’ आहे. आयरिशची खोड अशी की, मूळ शब्दारंभीचा प-कार ती गिळून टाकते. म्हणून आपला ‘पितृ’ तेथे ‘अथिर’ होतो आणि ‘पूर्ण’ याचा सख्खा भाऊ ‘लान’ या रूपात उभा राहतो. पाणिनीच्या अभ्यासकाला हे वाचताना दूरदेशी गेलेला आप्त भेटल्याचा आनंद होतो.

१८६० मध्ये स्टोक्स यांनी अशाच टिपणांचा एक संग्रह संपादून प्रसिद्ध केला आणि रॉयल आयरिश ॲकॅडमीने त्यांना सुवर्णपदक दिले. पण पदकाने पोट भरत नाही. १८६२ मध्ये ते मद्रासेस आले. तेथे १८६५ मध्ये त्यांनी ‘हिंदू लॉ बुक्स’ हा संग्रह काढला. त्यात कोलब्रुक यांचे मिताक्षरेचे भाषांतर आहे, तसेच बोरोडेल यांनी भाषांतरिलेला ‘व्यवहारमयूख’ही आहे. मयूखकार नीलकंठभट्ट हे मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारशाच्या प्रश्नांवर त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. अशा रीतीने आमच्या पैठणकरांची व या आयरिश पंडिताची गाठ मद्रासेस पडली.

त्यानंतर कलकत्ता. विधिखात्याचे चिटणीस म्हणून ते वर्षानुवर्षे राहिले, आणि उन्हाळ्यात सरकारबरोबर सिमल्यास जात. याच काळातील त्यांची ग्रंथसूची पाहण्यासारखी आहे. ‘गोइडेलिका’, कलकत्ता, १८६६. ओ’डोनोव्हन यांनी भाषांतर करून ठेवलेला कॉर्मकचा प्राचीन शब्दकोश, कलकत्ता, १८६८. भाषांतरकार त्यापूर्वी सात वर्षे निवर्तले होते आणि त्यांच्या कामाला छापील रूप मिळाले ते हुगळीच्या काठी. तीन मध्यकालीन आयरिश प्रवचने, कलकत्ता, १८७७. खाजगी खर्चाने, मोजक्या प्रती. मूळ पोथ्या डब्लिनला, ऑक्सफर्डला, इटलीत. हाताशी असत त्या नकला आणि छायाप्रती. एखाद्या अक्षराची शंका आली तर पत्र पाठवून आठवड्यांमागून आठवडे उत्तराची वाट पाहावयाची. आज घरबसल्या पडद्यावर पोथी पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही चिकाटी समजावून सांगणे कठीण जाते.

पोथी म्हणजे काय हे जाणणारा माणूस अधिकारावर असला म्हणजे काय होते, याचे प्रत्यंतर १८६८ मध्ये आले. लाहोरच्या पंडित राधाकृष्ण यांनी गव्हर्नर जनरलला पत्र लिहून संस्कृत हस्तलिखितांचा शोध घ्यावा अशी सूचना केली होती. तिच्यावर सर्व हिंदुस्थानभर शोध, याद्या व खरेदी करण्याची योजना आखण्याचे काम स्टोक्स यांनी केले. मुंबई इलाख्यात ब्यूलर यांनी दोन वर्षे आधीच आरंभ केला होता; पुढे कीलहॉर्न, पीटर्सन आणि आमचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी हे काम वाढविले. तो संग्रह डेक्कन कॉलेजात राहिला आणि १९१८ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. त्या पोथ्या मिळविल्या त्या वरील पंडितांनी, याबद्दल वाद नाही. परंतु अखिल भारतीय योजनेचा आराखडा ज्याच्या लेखणीतून उतरला त्याचे नाव त्या वास्तूत जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

इतके सांगून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७७ मध्ये स्टोक्स गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे लॉ मेंबर झाले. पुढल्याच वर्षी, १४ मार्च १८७८ रोजी, देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा त्या मंडळाने एकाच बैठकीत संमत केला. विधेयक मांडले होते आर्बथनॉट यांनी. तरी लॉ मेंबरच्या आसनावर स्टोक्सच होते. इंग्रजी पत्रे त्या कायद्यातून वगळली होती. एखादा मजकूर केवळ तो मराठीत किंवा बंगालीत आहे म्हणून संशयास्पद ठरावा, ही गोष्ट ज्याच्या देशात इंग्रजीने स्थानिक भाषेला हद्दपार केले त्या माणसाला खुपली नसेल काय? मला वाटते, मेलेल्या शतकांची भाषा आणि जिवंत रयतेची भाषा यांचे कप्पे त्याच्या मनात अलग होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला त्याच वर्षांत पुण्यास चालू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ते कप्पे किती अलग होते हे कळते. १८८२ मध्ये, लॉर्ड रिपन यांच्या अमदानीत, तो कायदा रद्द झाला.

याच अवधीत परक्राम्य दस्तऐवजांचा १८८१ चा, विश्वस्तांविषयीचा व संपत्तीच्या हस्तांतरणाचा १८८२ चा हे कायदे झाले. धनादेश वटला नाही म्हणून आजही कोर्टात जाणारा दुकानदार त्यांपैकी पहिल्याचाच आधार घेतो.

१८८२ मध्ये स्टोक्स इंग्लंडला परतले आणि उरलेली सत्तावीस वर्षे त्यांनी पोथ्यांना दिली. पॅट्रिकचे त्रिखंडी चरित्र १८८७ मध्ये, लिस्मोरच्या पोथीतील संतचरित्रे १८९० मध्ये. लाइप्झिगचे संस्कृताचे प्राध्यापक विंडिश यांच्यासह ‘आयरिश टेक्स्ट’ या जर्मन मालेचे संपादन. स्वभाव तिखट. दुसऱ्याच्या संपादनातील चूक दिसली की ती चारचौघांत सांगितल्याखेरीज त्यांना राहवत नसे, आणि ट्रिनिटीतील रॉबर्ट ॲटकिन्सन यांच्याशी त्यांचे वैर प्रसिद्धच आहे. याच ॲटकिन्सन यांनी १८९९ मध्ये माध्यमिक शिक्षणाच्या चौकशी मंडळापुढे साक्ष दिली, की आयरिश वाङ्मयात मुलांच्या हाती देण्याजोगे काही नाही. डग्लस हाइड यांनी त्यांना उत्तर देण्यासाठी युरोपभरच्या पंडितांची मते गोळा केली. त्यांत विंडिश होते. शाळेतून आयरिश गेली नाही. अशा वादात भावनेचा आवेश फार काळ टिकत नाही, छापील संहिता समोर ठेवावी लागते. आणि त्या संहितांपैकी मोठा भाग कलकत्त्यात, सिमल्यात व लंडनमध्ये एका कायदेपंडिताने तयार करून ठेवला होता.

जॉन स्ट्रॅकन यांच्या साहाय्याने १९०१ व १९०३ मध्ये ‘थेसॉरस पॅलिओहिबर्निकस’ बाहेर पडला. झॉइस यांनी ज्या समासांतील टिपणांवर व्याकरण उभारले, ती सगळी येथे भाषांतरासह एकत्र आली. स्टोक्स १३ एप्रिल १९०९ रोजी लंडनमध्ये वारले. पुढल्या वर्षी त्यांच्या मुलींनी वडिलांचा ग्रंथसंग्रह लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिला.