पनामा कालवा, टार्पन आणि ऐंशी वर्षं चाललेली एक 'वावडी'

टार्पन हा मासा अटलांटिकचा. फ्लोरिडा, मेक्सिकोचं आखात, कॅरिबियन बेटं, ब्राझील आणि पलीकडे पश्चिम आफ्रिका, हा त्याचा मुलूख. सहा फुटांच्या पुढे जातो, खवले तळहाताएवढे आणि चांदीसारखे. गरीला लागला की पाण्याबाहेर उंच उड्या मारतो. काटे फार, म्हणून अमेरिकेत तो खाण्यापेक्षा खेळवण्यासाठी पकडतात. लोक हजारो डॉलर खर्च करून त्याला गरवायला जातात, तासभर झुंजतात आणि फोटो काढून सोडून देतात. हे आपल्या कोकणात कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

तर हा अटलांटिकचा मासा पॅसिफिकमध्ये दिसतो, असं मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी आणि हौशी गरवणारे कित्येक वर्षं सांगत होते. कुणी म्हणे खाडीच्या तोंडाशी उडी मारताना पाहिला, कुणाचं म्हणे जाळं फाडून गेला. गरवणाऱ्याच्या गोष्टीतला मासा दरवेळी वीतभर वाढतो हे जगात सगळीकडे ठाऊक आहे. त्यामुळे असल्या गोष्टी दारूच्या टेबलावरून वहीत जात नाहीत. मला या प्रकरणात रस वाटला तो एवढ्याचसाठी, की इथे 'वावडी' खरी होती आणि तिच्यामागे एक सरकारी प्रकल्प होता.

थोडं मागे जाऊ. पनामाची चिंचोळी जमीन सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी वर आली आणि दोन महासागर वेगळे झाले. दोन्हीकडचे मासे तेव्हापासून आपापल्या वाटेने गेले. ती भिंत माणसाने फोडली १५ ऑगस्ट १९१४ ला. पण पनामा कालवा म्हणजे सुएझसारखा सरळ चर नव्हे. अमेरिकनांनी चाग्रेस नदीवर धरण बांधून समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवर गॅटुन नावाचा प्रचंड गोड्या पाण्याचा तलाव केला. जहाज एका बाजूने लॉकच्या पायऱ्या चढतं, तलाव ओलांडतं आणि दुसऱ्या बाजूने पायऱ्या उतरतं. समुद्री माशाच्या दृष्टीने हा तलाव म्हणजे नवी भिंतच. खाऱ्या पाण्यातला बहुतेक जीव गोड्या पाण्यात टिकत नाही. म्हणून दोन महासागरांचे जीव मिसळतील ही भीती फारशी कुणी बाळगली नाही.

टार्पनला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. हा मासा गोड्या पाण्यात आरामात राहतो. शिवाय पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. त्याचा वाताशय फुप्फुसासारखं काम करतो. कुजकं, प्राणवायू संपलेलं पाणीही त्याला चालतं. कालव्याचं अटलांटिककडचं तोंड तर त्याचंच घर. गॅटुन धरणाच्या सांडव्याखाली टार्पन इतके जमायचे, की कालव्यावरच्या अमेरिकी नोकरवर्गाने त्यांना पकडण्यासाठी क्लबच काढला होता. तिथून लॉकमध्ये शिरायचं, जहाजाबरोबर वर जायचं, तलाव पोहून पार करायचा. पुढे उतारच.

इथे दोन माणसांची आठवण काढायलाच हवी. सेथ मीक आणि सॅम्युअल हिल्डेब्रँड. कालवा पुरा व्हायच्या आधी स्मिथसोनियन संस्थेने त्या भागातल्या जीवसृष्टीची पाहणी करवली, त्यात माशांचं काम या दोघांकडे होतं. १९११ आणि १९१२ मध्ये त्यांनी नद्या, ओढे, दोन्ही किनारे पालथे घातले आणि कुठे काय सापडतं याची नोंद केली. मीक १९१४ मध्ये, कालवा सुरू झाला त्याच वर्षी गेला. हिल्डेब्रँड १९३० च्या दशकात पुन्हा तिथे गेला. लॉक दुरुस्तीसाठी अधूनमधून कोरडे करतात. पाणी उपसल्यावर तळाशी काय तडफडतंय ते त्याने पाहिलं, मोजलं आणि १९३९ मध्ये छापलं. टार्पन पॅसिफिकच्या तोंडापर्यंत पोचल्याची नोंद त्याच काळातली. म्हणजे कालवा उघडून पंचवीस वर्षंही झाली नव्हती.

पुढची ऐंशी वर्षं काय? कालव्याच्या प्रशासनाकडे कुठलं जहाज केव्हा गेलं, किती टनांचं, किती टोल भरला, सगळं होतं. मासा किती गेला हे लिहायचं खातंच नव्हतं. ती हजेरी ठेवली कोळ्यांनी, तीही डोक्यात. २०१९ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी, गरवणाऱ्यांचे फोटो आणि मच्छिमारांच्या मुलाखती एकत्र केल्या, तेव्हा चित्र दिसलं: ग्वाटेमालापासून कोलंबिया-इक्वेडोरच्या सीमेपर्यंत, सुमारे २,६०० किलोमीटर किनाऱ्यावर टार्पन आहे. 'वावड्या' नकाशावर मांडल्या आणि त्याचा शोधनिबंध झाला. टार्पन पन्नास-साठ वर्षं जगतो. त्यामुळे तिथे दिसणारे मोठे मासे कालव्यातून आलेले प्रवासी आहेत की पॅसिफिकमध्येच जन्मलेले, हा यातला खरा प्रश्न. उत्तर शोधायचं तर कांदळवनातली पिल्लं शोधावी लागतात. तिथेही पहिली खबर कोळ्याचीच येणार.

मधल्या काळात एक भारी किस्सा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत समुद्रसपाटीवरच नवा कालवा खोदायचं चाललं होतं, तोही अणुस्फोट करून! राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने त्याचा रीतसर अभ्यास केला. इरा रुबिनॉफ या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लिहिलं की बाबांनो, दोन्ही समुद्र थेट जोडाल तर काय होईल ते आधी तपासा. पॅसिफिकमध्ये विषारी समुद्रसाप आहेत, कॅरिबियनमध्ये एकही नाही, इथपासून वाद रंगला. तो कालवा झाला नाही. पैसा, अणुस्फोट, राजकारण अशी बरीच कारणं होती, मासे त्यात खालच्या नंबरावर.

गॅटुन तलावात त्याच सुमाराला दुसरा प्रकार घडला. पीकॉक बास हा दक्षिण अमेरिकेतला शिकारी मासा, तोही हौशी लोकांचा लाडका. १९६७ च्या आसपास कुणीतरी हौसेने आणलेली पिल्लं चाग्रेसमध्ये सुटली. झॅरेट आणि पेन यांनी १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं की आधी सर्रास दिसणाऱ्या आठ जातींपैकी सहा तिथून नाहीशा झाल्या. चाळीसहून जास्त वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तरी त्या सावरलेल्या नव्हत्या. पर्यटक मात्र खूश. आजही होड्या भाड्याने घेऊन लोक तिथे पीकॉक बास गरवतात.

आणि आता शेवटची भर. २०१६ मध्ये मोठ्या जहाजांसाठी नवे लॉक सुरू झाले. तेव्हापासून तलावात खारं पाणी जास्त शिरतंय आणि समुद्री माशांचं प्रमाण भराभर वाढलंय. म्हणजे जी गोड्या पाण्याची भिंत होती, तीच विरघळतेय. पनामा सिटी आणि कोलोन ही शहरं याच पाणलोटाचं पाणी पितात. जुन्या लॉकमधून एक जहाज पार करायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. २०२३ च्या दुष्काळात जहाजांची संख्या कमी करायची वेळ आली, तेव्हा जगाला हे गणित कळलं. तलावातल्या कोळ्याच्या जाळ्यात लागणारा मासा हे गणित आधीपासून सांगत होता.

आता हे मी मराठीत का लिहितोय? वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. कालवा सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात. वैनगंगा गोदावरी खोऱ्यातली, तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. विदर्भाच्या पश्चिम भागाला पाणी हवं, यावर माझा वाद नाही. तिथल्या शेतकऱ्याला माशांच्या गोष्टी सांगून थांबवणं हा क्रूरपणा होईल. पण पाण्याबरोबर मासेही जाणार, आणि अंडी, पिल्लं, जलपर्णी, रोगसुद्धा. प्रकल्पाच्या चर्चेत हेक्टर आणि कोटी ऐकू येतात. खोदकामाआधी मीक-हिल्डेब्रँडसारखी दोन्ही खोऱ्यांची यादी हवी, आणि ती छापून लोकांसमोर यायला हवी. नाहीतर २०६० मध्ये पूर्णेत एखादा अनोळखी मासा सापडल्यावर तो कुठून आला यावर नुसते वाद होतील.

ती यादी करायला कुठे जायचं हेही उघड आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांवरच्या ढिवर बांधवांना कुठला मासा कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात चढतो हे पाठ असतं. तिकडचं कुणी हे वाचत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आपल्या तलावातल्या आणि नदीतल्या माशांची नावं लिहून ठेवा. गावाचं नाव आणि साल घालून.