उतारूच्या वाट्याची जागा

सुरत शहरातील मुगलीसरा भागात महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय ज्या भव्य वास्तूत आहे, ती वास्तू मुळात कचेरीसाठी बांधलेली नाही. शहाजहान बादशहाच्या कारकिर्दीत, १६४४ साली, ती प्रवाशांच्या उतरण्याची सराई म्हणून उभी राहिली. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून मक्केला निघालेले यात्रेकरू त्या काळी सुरतेस येत आणि येथूनच तांबड्या समुद्राची वाट धरीत. म्हणूनच या बंदराला ‘बाबुल मक्का’, म्हणजे मक्केचे द्वार, असे नाव पडले होते. बादशाही घराण्याची मोठमोठी गलबते या मार्गावर जात-येत. १६९५ साली इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटलेले औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज अशाच यात्रेकरूंना घेऊन सुरतेस परत येत होते.

या यात्रांचा इतिहास सांगताना जहाजांची नावे, मालाची किंमत आणि चाच्यांची क्रौर्ये यांचे वर्णन पुष्कळ होते. परंतु एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्याच्यापाशी थोडेच पैसे आहेत अशा उतारूला त्या लांबच्या प्रवासात अंग टाकण्यास जागा किती मिळत होती? आणि ज्याचे अंगच इतरांहून लांब आहे, त्याची काय व्यवस्था? हा प्रश्न क्षुल्लक नाही. गलबत गेले, आगबोट आली, आगगाडी आली, विमान आले; तरी हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकात वाफेच्या जहाजांबरोबर सुरतेचे महत्त्व ओसरले आणि यात्रेकरूंचा ओघ मुंबईकडे वळला. भाडे उतरले, प्रवासाचे दिवस घटले, आणि त्याबरोबर जहाजांवरील गर्दी वाढली. गरीब उतारू म्हणजे मोजून भरावयाचा माल, अशीच पुष्कळ जहाजमालकांची दृष्टी होती. १८८० साली ‘जेद्दा’ नावाची आगबोट साडेनऊशेहून अधिक यात्रेकरूंना घेऊन मलायाच्या किनाऱ्याकडून निघाली होती. वादळात तिच्यात पाणी शिरू लागताच कप्तान व अधिकारी उतारूंना तसेच टाकून होडीतून निघून गेले. जहाज बुडाले नाही. दुसऱ्या एका आगबोटीने ते ओढीत एडनला आणले, आणि अधिकाऱ्यांचे कृत्य साऱ्या जगासमोर आले.

गर्दीला आळा घालण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १८७०, १८७६ आणि १८८७ साली ‘नेटिव्ह पॅसेंजर’ जहाजांविषयी कायदे केले. त्या काळच्या नियमांत मधल्या मजल्यावरील प्रत्येक प्रौढ उतारूसाठी नऊ चौरस फूट जागा ठरली होती. हा आकडा नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. नऊ चौरस फूट म्हणजे सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी पट्टी. मनुष्य सरळ निजला तर कसाबसा मावेल, एवढेच ते माप. त्याचे बोचके, पाण्याचे भांडे, शिजविण्याची सामग्री यांचा हिशेब त्यात नाही. आणि सहा फुटांहून उंच असलेल्या पठाणाचा अथवा पंजाबी शेतकऱ्याचाही हिशेब त्यात नाही. त्याने पाय दुमडावेत किंवा ते शेजाऱ्याच्या पट्टीत न्यावेत. मुंबईहून जेद्दापर्यंतचे दिवस त्याने असेच काढावयाचे.

यात सुधारणा झाली ती जहाजमालकांच्या दयाबुद्धीने नव्हे. पटकी आणि प्लेग यांच्या भयाने युरोपातील राष्ट्रे परिषदा भरवू लागली. १९०३ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात यात्रेकरूंच्या जहाजांवर दर माणशी दीड चौरस मीटर, म्हणजे सोळा चौरस फूट जागा असावी आणि मजल्याची उंची सुमारे १.८० मीटर असावी, असे कलम घालण्यात आले. नवावरून सोळावर जाणे ही मोठीच मजल होती. तथापि १.८० मीटर म्हणजे सहा फुटांना थोडी कमीच. उंच मनुष्याला आता पाय पसरता येऊ लागले, पण उभे राहिल्यास मान वाकवावी लागणारच होती. माप ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नेहमी सरासरी माणूस असतो, हे यावरून दिसून येते.

जमिनीवरचा प्रवास पाहिला तरी हीच गोष्ट आढळते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला टप्पा १८६० साली सुरतेजवळच्या उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंत सुरू झाला आणि १८६४ मध्ये ही लोहवाट मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. पुढे तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत खानदेशाशी जोडली गेली. नंदुरबार, अमळनेर, जळगावकडील असंख्य मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेत येऊन स्थिरावली, ती याच वाटेने. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातील कोंडमारा त्यांच्या चांगला परिचयाचा होता. महात्मा गांधींनी १९१७ साली या वर्गाच्या हालांवर स्वतंत्र लेख लिहून रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा भाग देणाऱ्या उतारूंची उपेक्षा जगासमोर मांडली.

तिसरा वर्ग १९७४ साली नावाने संपला, परंतु दुसऱ्या वर्गाचा शयनफलाट तसाच उघड्या लाकडाचा राहिला. तो बदलण्याचे श्रेय एका मराठी मंत्र्याकडे जाते. अहमदनगरला जन्मलेले, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि कोकणातील राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसविण्याचा निर्णय त्यांनी घेतला. पहिला वर्ग खाली ओढावयाचा नसून दुसरा वर्ग वर न्यावयाचा आहे, ही त्यामागील भूमिका होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा मार्गावर ‘गीतांजली’ ही वर्गभेद नसलेली गाडी धावू लागली. दोन इंच हे माप ऐकावयास किरकोळ वाटेल. परंतु कोट्यवधी उतारूंच्या पाठीला त्याने विसावा दिला. आज कोणत्याही गाडीत ही गादी असावयाचीच, असे आपण समजतो.

गादीने फळी मऊ झाली, लांब मात्र झाली नाही. उंच उतारूचे पाय आजही येण्याजाण्याच्या वाटेत येतात आणि रात्रभर लोकांचे धक्के खातात. बाजूच्या फळीवर तर दोन्ही टोकांना आडोसा असल्याने पाय बाहेरही काढता येत नाहीत. सुरत-मुंबई ‘फ्लाइंग राणी’ला १९७९ साली दुमजली डबे जोडले गेले आणि २०२३ पर्यंत ते धावले. रोज ये-जा करणाऱ्या हजारो नोकरदारांची त्याने सोय झाली. पण एका डब्याच्या उंचीत दोन मजले बसविल्यावर डोक्यावरचे छत खाली येणार, हे ओघानेच आले. जागा वाचविण्याच्या प्रत्येक युक्तीची किंमत आधी उंच माणूस मोजतो.

आता विमानाकडे वळू. एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनेव्हामार्गे लंडनला गेले. तेव्हा विमानप्रवास ही श्रीमंतांची गोष्ट होती. १९५२ साली अटलांटिक महासागरावरील उड्डाणांत स्वस्त भाड्याचा ‘टुरिस्ट’ वर्ग निघाला आणि १९५८ मध्ये त्याहून स्वस्त असा ‘इकॉनॉमी’ वर्ग आला. त्या काळी कंपन्यांच्या जागतिक संघटनेने भाड्याबरोबर सोयींचेही नियम बांधले होते. स्वस्त वर्गाच्या उतारूला कसले सँडविच द्यावे, यावरूनसुद्धा १९५८ मध्ये तंटा झाला. एका आसनाच्या पाठीपासून पुढच्या आसनाच्या पाठीपर्यंतचे अंतर तेव्हा सुमारे ३४ इंच असे. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविले, स्पर्धा वाढली, भाडी उतरली आणि हे अंतरही आक्रसत गेले. आज ते बहुधा २८ ते ३२ इंच असते. आसनाची रुंदी १७ ते १८ इंच.

गुणाकार करून पाहावा. तीस इंच लांब व साडेसतरा इंच रुंद जागा म्हणजे साडेतीन चौरस फुटांहून किंचित अधिक. नऊ चौरस फूट निजण्यासाठी होते आणि ही जागा बसण्यासाठी आहे, तास आणि दिवस यांतही फरक आहे, हे खरे. तरीही रुंदीचे दीड फूट मात्र जसेच्या तसे राहिले आहे, हे नजरेआड करता येत नाही. सहा फुटांहून उंच मनुष्याच्या पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी पंचवीस इंच वा अधिक भरते. अंतरातून आसनाच्या पाठीची जाडी वजा केली, की गुडघा पुढच्या आसनाला टेकलाच. पुढच्याने पाठ मागे कलविली की हलणेही अशक्य होते.

हा केवळ ऐषआरामाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ न हलता प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोका लहान आहे, सहा हजारांत एखाद्याला. पण १९० सेंटिमीटरहून उंच आणि १६० सेंटिमीटरहून बुटक्या प्रवाशांत तो अधिक आढळला. उंचाचे गुडघे अडतात, तर बुटक्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. सरासरीचे माप दोघांनाही जाचते.

उपाय काही उतारूच्या हाती आहेत. संकटकालीन दाराजवळच्या अथवा पुढे भिंत असलेल्या रांगेत पाय मोकळे राहतात. वाटेकडेच्या आसनावरून अधूनमधून उठून चार पावले चालता येते. बोचके पायांशी न ठेवता वरच्या फळीवर टाकले तर पावले पुढे सरकतात. बसल्या जागी घोटे फिरविल्याने व पाणी पीत राहिल्याने रक्ताचे अभिसरण चालू राहते. परंतु मोकळ्या रांगेसाठी बहुतेक कंपन्या जादा दर घेतात. म्हणजे उंची हा जणू दंडास पात्र असा दोष ठरला. खरा उपाय नियमातच शोधावा लागेल. अमेरिकन काँग्रेसने २०१८ साली आसनांची किमान मापे ठरविण्याचा आदेश तेथील विमानवाहतूक खात्याला दिला. खात्याने नव्वद सेकंदांत विमान रिकामे होते की नाही याच्या चाचण्या घेतल्या. त्यांत साठ वर्षांखालील धडधाकट माणसेच होती. २०२२ मध्ये लोकांची मतेही मागविली गेली. मापे ठरविण्याच्या आदेशाला तेव्हा चार वर्षे झाली होती, आणि मापे ठरलेली नव्हती.

मुंबईहून समुद्रमार्गे होणारी हजयात्रा १९९५ साली बंद झाली. यात्रेकरू आता विमानाने जातात. सुरतेच्या विमानतळावरून २०१९ मध्ये शारजाचे उड्डाण सुरू झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ज्या शहरातून गलबते पश्चिमेकडे जात, तेथूनच पुन्हा त्या दिशेला उतारू निघू लागले आहेत. नवावरून सोळा चौरस फूट झाले ते कोणी कलम लिहिले म्हणून; फळीवर गादी आली ती कोणी मंत्री त्या फळीवर निजणाऱ्याचा विचार करू शकला म्हणून. विमानातील उतारूच्या वाट्याची जागा ठरवितानाही केव्हा तरी कोणाला फूटपट्टी हाती घ्यावी लागेल. त्या दिवशी सरासरी माणसाला आसनावर बसवून माप घेऊ नये. रांगेतील सर्वांत उंच माणसाला बसवावे. त्याला जी जागा पुरेल, ती इतर सर्वांना पुरून उरेल.